पाहुणे पंच

रोलर हॉकीच्या जागतिक स्पर्धेत आजवर कोण जिंकलं आणि कोण शेवटचं आलं हे तोंडपाठ असलेला माणूस उभ्या नगर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. जगात दुसरा असा कोणी असलाच तर तो पोर्तुगालात असेल, आणि त्याचा साडू माझ्याहून बरा माणूस असेल. हे दुसरं वाक्य मी सहज लिहिलेलं नाही. मी मुळात कमी बोलणारा. जिल्हा परिषदेत इतकी वर्षं नोकरी झाली, पण माझा आवाज कसा आहे हे कार्यालयातल्या निम्म्या लोकांना माझ्या निरोप समारंभातच कळेल. अशा माणसाच्या तोंडून वर्षाकाठी एखादंच वाक्य असं जातं की ज्यानं कुणाचं काही होईल. यंदाचं गेलं ते आमच्या साडूंच्या मुळावर आलं. ते कुठलं हे सांगायलाच बसलोय. पण आधी साडू सांगतो, कारण ते कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही. आणि खरं म्हणजे, त्यांच्याबद्दल बोलत असलो की तेवढा वेळ मला माझ्याबद्दल बोलावं लागत नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पारनेरला राहतात. उंच, किडकिडीत, चालताना जरा पुढे झुकलेले, जणू समोरून वारा येतोय आणि त्याच्याशी यांची जुनी ओळख आहे. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं. नगरच्या एक्स्चेंजमध्ये असताना गोव्याचा एक सहकारी त्यांच्या शेजारी बसायचा. त्याचे वडील पोर्तुगीज अमदानीत रेडिओला कान लावून या खेळाचं वर्णन ऐकायचे आणि पोर्तुगाल हरलं की जेवायचे नाहीत. ही गोष्ट ऐकली आणि साडू बिघडले. एखाद्या खेळापायी कोणी जेवण सोडतं, तर त्या खेळात काहीतरी असणार, असं त्यांना वाटलं. तेव्हापासून जिथून मिळेल तिथून त्यांनी या स्पर्धेचा इतिहास गोळा केला. पुढे मोबाईल आला तेव्हा त्यांनी सगळं पुन्हा ताडून पाहिलं आणि मोबाईल बरोबर असल्याचा निर्वाळा दिला. हा खेळ काय, असं कोणी विचारलं की ते आधी खूश होत. चाकांचे बूट घालून, हातात काठी घेऊन, कठड्यानं बांधलेल्या गुळगुळीत फरशीवर खेळायची हॉकी. एका बाजूला पाच जण, त्यातला एक गोलकीपर. बुटाला चाकं एका ओळीत नव्हेत, दोन पुढे, दोन मागे. "बैलगाडीला दोन, टेम्पोला चार आन् आमच्या खेळाडूला आठ," असं ते सांगत, आणि 'आमच्या' म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर अर्जेंटिनाची माणसं असत.

त्यांना सन सांगता येत नाही असं नाही, पण सांगवत नाही. त्यांच्या हिशेबात काळ हा जगज्जेत्यांच्या नावानं जातो. माझं लग्न इटलीचं. माझ्या मुलीचा जन्म पोर्तुगालचा. त्यांच्या भावकीतली वाटणी स्पेनच्या पडत्या काळातली, आणि म्हणून ती नीट झाली नाही असंही ते मानतात. एकदा तलाठ्यानं वारसनोंदीसाठी त्यांच्या वडिलांच्या मृत्यूचं साल विचारलं. साडू म्हणाले, अर्जेंटिनानं पहिल्यांदा जिंकलं, तेही आपल्या घरच्या मैदानावर, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. तलाठ्यानं लेखणी खाली ठेवली आणि चहा मागवला. बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ एकदाच, तोही नुसता दाखवण्यापुरता खेळवला, पुन्हा कधी घेतला नाही. याचं सुतक ते अजून पाळतात. ऑलिंपिक सुरू झालं की घरातल्या टीव्हीवर टॉवेल पडतो. अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, मालिका बघायला शेजारी जातात. तरी अंगोलानं जागतिक स्पर्धा भरवली, आफ्रिकेत पहिल्यांदा, तेव्हा याच माणसानं पारनेरच्या एसटी स्टँडवर पेढे वाटले होते. लोकांनी घेतले. नात झाली असेल असं वाटलं त्यांना.

एवढा हा माणूस स्वतः मात्र चाकांवर कधी उभा राहू शकला नाही. नगरला स्केटिंगच्या फरशीवर एकदा मुलांनी आग्रह करून त्यांना बूट चढवले. त्यांनी कठडा धरला, धरून पूर्ण वेढा घातला आणि निघाले तिथेच परत येऊन टेकले. घाम पुसत म्हणाले, "प्रदक्षिणा झाली. देवाला हात लावायचा नसतो." जिंकणाऱ्यांचं त्यांना कौतुक होतं, पण माया सगळी शेवटच्यांवर. स्पर्धेत कोण पहिलं आलं हे ते एका दमात सांगत. शेवटी कोण आलं हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा, घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसा. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा कॅनडानं जिंकली हे सांगून लगेच त्या स्पर्धेत तळाला राहिलेल्यांची विचारपूस सुरू. आमच्या घरातल्या मुलांचा निकाल लागला की पहिल्या आलेल्याला ते पाठीवर थाप देत आणि काठावर पास झालेल्याला पाकीटभर गुडदाणी. एका वर्षी माझ्या पुतण्यानं ठरवून कमी अभ्यास केला. तेव्हा मात्र साडूंनी गुडदाणी परत घेतली. मुद्दाम शेवटी येणाऱ्याला शेवटचा म्हणत नाहीत, असं त्यांनी त्याला समजावलं, आणि तो रडेपर्यंत समजावलं.

आता हगाम्याचं सांगतो, कारण माझी गोष्ट तिथेच आहे. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. चैत्रात भैरवनाथाची यात्रा भरते आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा. गावात दोन भावक्या, आणि एका भावकीनं नेमलेला पंच दुसरीला चालत नाही. म्हणून गावाची जुनी रीत अशी, की कुस्तीचा पंच पाहुणा असावा. गावात जमीन नसलेला, मत नसलेला, पण कुणाचा तरी सोयरा. साडू एकदा माझ्याकडे यात्रेला आले होते आणि त्या वर्षीचा पाहुणा ऐन वेळी आला नव्हता. तिथून जे सुरू झालं ते गेली कित्येक वर्षं चाललं. कुस्तीतलं त्यांना काय कळतं, असं सुरुवातीला लोक म्हणाले. पण साडूंना एक गोष्ट कळायची: जे दिसलं ते सांगायचं. एकदा यात्रा कमिटीच्या अध्यक्षाचा पठ्ठ्या शेवटच्या कुस्तीत वर बसला होता, मैदान उठून नाचायला लागलं होतं, आणि हे लाल मातीत पालथे पडून खालच्या पैलवानाच्या पाठीखाली बोटं घालून बघत होते. उठले आणि म्हणाले, "खांदा लागला. पाठ लागली न्हाई. कुस्ती चालू." दोन्हीकडून शिव्या आल्या. शेवटी ती बरोबरीत सोडवावी लागली. त्या संध्याकाळी दोन्ही भावक्यांनी त्यांना जेवायचं आमंत्रण दिलं आणि ते दोन्हीकडे जेवले. पुढे पुढे गावात काही वाद झाला, क्रिकेटचा असो, बैलांचा असो, की कोण कुणाच्या आधी जन्मला याचा, तर लोक म्हणत, पारनेरच्या पाहुण्यांना विचारा. त्यांना ना पैसा होता, ना मान घ्यायची हौस. त्यांचा शब्द खरा मानतात, एवढीच त्यांची मिळकत. डोक्यावर पंचाचा फेटा बांधला जायचा तेव्हा ते नवे कपडे घातलेल्या मुलासारखे जराही हलायचे नाहीत, कारण हलले तर सैल बसेल. ती मिळकत मी घालवली.

माझ्या मुलीला या खेळात त्यांनीच आणलं. पारनेरहून स्कूटरवर नगरला यायचे, तिला सावेडीतल्या आमच्या घरून उचलून फरशीवर न्यायचे आणि कठड्याबाहेर उभे राहून ओरडायचे. ती गोलकीपर झाली. उंची, हातपाय आणि एक विलक्षण थंडपणा, हा तिचा गुण. माझ्यातलं मुकेपण तिच्यात येऊन उपयोगी पडलं असं मला वाटायचं. साडू तिला नावानं हाक मारत नसत. 'गोलकीपर' म्हणायचे. लग्नाकार्यातसुद्धा. "गोलकीपर, जिलेबी घे." जिल्हा, राज्य, देश असं करत ती यंदा भारताच्या मुलींच्या संघातून परदेशात स्पर्धेला गेली. गावातून एवढ्या लांब खेळायला गेलेलं आमच्याकडे कोणी नव्हतं. आणि तिथे आमच्या पोरी सगळे सामने हरल्या. साधे हरल्या नाहीत. समोरच्या पोरी चालायला शिकल्या तेव्हाच चाकांवर शिकलेल्या. गोल इतके झाले की मी मोबाईलवर बघता बघता मोबाईल पालथा ठेवला. संघ शेवटचा आला. इकडे पारनेरात साडूंनी पेढे वाटले. त्यांनी तिला फोन करून काय काय विचारलं ते मला माहीत नाही, पण नंतर मला फोन करून अर्धा तास ते फक्त तिनं अडवलेल्या फटक्यांबद्दल बोलत होते. मी हं हं करत होतो.

तो 'हं' माझा जुना रोग. दुसऱ्या दिवशी तात्याचा फोन आला. तात्या माझा चुलतभाऊ, यात्रा कमिटीचा अध्यक्ष, माणूस मोठ्या आवाजाचा. त्यानं विचारलं, "आन्लं ना पोरीनं पदक?" मी म्हणालो, "हं." तेवढंच. पुढे काही बोलायचं होतं, 'पण' म्हणून सुरू करायचं होतं. तोवर तात्या दुसऱ्या कुणाला तरी ओरडून सांगायलाही लागला होता. फोन ठेवल्यावर मला वाटलं, उद्या सांगू. उद्या मला वाटलं, सुट्टीच्या दिवशी निवांत सांगू. सुट्टीच्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला.

फ्लेक्स केवढा होता म्हणून सांगू. एका बाजूला आमदार, एका बाजूला तात्या, खाली दोन्ही भावक्यांतली सगळी पोरं आपापल्या फोटोंसकट, आणि मधोमध माझी लेक. गळ्यात सोन्याचं पदक. फ्लेक्सवाल्या पोरानं कुणा दुसऱ्याच्या गळ्यातलं काढून तिच्या गळ्यात घातलं होतं आणि ते जरा तिरकं बसलं होतं. वर मोठ्या अक्षरांत 'जगज्जेती'. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, हगाम्याच्या आधी, भव्य सत्कार. मी बायकोला घेऊन गावाकडे चाललो होतो. तिनं तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की तुम्ही त्यांना सांगितलं होतं ना? मी म्हणालो, गाववाल्यांचं प्रेम आहे. लेक पुण्याला असते, ती तिथून परस्पर आली आणि तिनं फाट्यावर उतरूनच मला फोन केला. तिचा आवाज कधी वाढत नाही. तिनं फक्त विचारलं, "बाबा, हे काढता येईल का?" मी म्हणालो, यात्रा झाली की काढतील.

सत्काराच्या दिवशी पाहुण्यांची यादी तात्यानं मला ऐकवली आणि म्हणाला की पोरीला घडवणारे म्हणून पारनेरचे पाहुणे दोन शब्द बोलतील, मग तेच फेटा बांधून मैदानात उतरतील. साडू काय बोलतील हे मला पाठ होतं. जे झालं तेच बोलतील. मी तात्याला मांडवाच्या मागे नेलं, जिथं नारळांची पोती ठेवली होती. आणि या जन्मात न बोलणारा मी, न अडखळता बोललो. म्हणालो, "तात्या, पाहुण्यांचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. काही बोलले तर मनावर घेऊ नका."

तात्यानं विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, झालं वर्ष. अक्काच परवा रडत होत्या. यातलं एक अक्षर खरं नव्हतं. अक्का मला परवाच काय, महिन्याभरात भेटल्या नव्हत्या. पण खोटं एकदा सुरू झालं की त्याला घरचे लोक साक्षीला लागतात, हे मला त्या नारळांच्या पोत्यांपाशी कळलं. तात्या माणूस वाईट नाही. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "अरारा. लई चांगला मानूस." आणि कमिटीतल्या चौघांच्या कानाला लागला. चौघांनी आणखी चौघांच्या. साडू बोलायला उठले तोवर गोष्ट शेवटच्या रांगेत, गुडीशेव विकणाऱ्यापर्यंत गेली होती.

साडूंनी माईक हातात घेतला, तो चालू आहे का हे बोटानं वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "बॅनरवाल्याची कायतरी गफलत झालीय. आमच्या गोलकीपरला पदक मिळालेलं न्हाई. संघ शेवटचा आला. पर मंडळी, जगात शेवटचं यायला आधी जगात जावं लागतं. आपल्या तालुक्यातून तिथवर कोन गेलं होतं?" मग ते चालू झाले. कोणत्या देशानं पहिल्या फेरीत कसा मार खाल्ला होता आणि तेच पुढे कसे वर आले, चिलीच्या पोरी एकदा सगळ्यांच्या नाकावर टिच्चून घरच्या मैदानावर कशा जिंकल्या, गोलकीपरच्या अंगावर येणारा चेंडू कसा दगडासारखा असतो आणि आमच्या पोरीनं तो छातीवर कसा घेतला. मी पाहत होतो. खरं ऐकताना माणसांचे जे चेहरे होतात तसे ते नव्हते. सगळं मैदान मायेनं हसत होतं. एखाद्या म्हाताऱ्यानं वारलेल्या भावाला हाक मारली की घरातले हसतात, तसं. मधूनच टाळ्या वाजवत होते, त्यांना बरं वाटावं म्हणून. तात्यानं हलकेच त्यांच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाला, काकांची तब्येत बरी नसते, तरी आले, त्यांचे आभार.

तेव्हा माझी लेक पुढे आली. खांद्यावर शाल, हातात नारळ. माईकजवळ वाकून म्हणाली, "काका खरं सांगतायत. आम्ही शेवटच्या आलो." आणि मैदानानं त्याहून मोठ्या टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाईनं डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, पोरगी बघा कशी सांभाळून घेती. लेकीनं त्या टाळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण गोलकीपरला फटका कुठून आला ते कळतं. नारळ तिनं माझ्या हातात दिला आणि मिळेल त्या एसटीनं पुण्याला गेली. अजून ती माझ्याशी बोलते, पण जेवलात का, औषध घेतलं का, एवढंच.

त्या दिवशी पंचाचा फेटा सुप्याच्या एका पाहुण्याला बांधला. साडूंना मंचावर गादीवर बसवलं, लोड दिला, सरबत दिलं. ते दोनदा उठायला गेले आणि दोनदा कुणीतरी प्रेमानं खांदा दाबून खाली बसवलं. शेवटच्या कुस्तीत त्या नव्या पंचानं खांद्यावर निकाल दिला. साडू जागेवरून म्हणाले, पाठ लागली न्हाई. शेजारी बसलेले सरपंच म्हणाले, हो काका, नाही लागली, आणि सरबत पुढे केलं.

तिथून जे सुरू झालं ते मी लांबून बघत राहिलो. लोक त्यांच्याशी हळू बोलायला लागले. रस्ता ओलांडताना कोपर धरायला लागले. पारनेरच्या बाजारात भाजीवाली त्यांचे सुटे पैसे दोनदा मोजून देऊ लागली. ते एखादा निकाल सांगायला लागले की समोरचा लगेच मान हलवायचा. पूर्वी लोक त्यांच्याशी भांडायचे, नाही हो, स्पेन कसं, इटली असेल, असं म्हणायचे. आता सगळे हो म्हणायला लागले. साडूंना आयुष्यात एवढं कोणी मान्य केलं नव्हतं, आणि त्यानंच त्यांना भीती वाटायला लागली. गावातली बातमी अक्कांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनीही त्यांच्याकडे निरखून पाहायला सुरुवात केली. निरखून पाहिलं की काय, कुणातही काहीतरी सापडतं. चष्मा डोक्यावर ठेवून शोधणं, दुधाचा गॅस चालू ठेवणं. त्यांनी नगरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, पंतप्रधान विचारले, शंभरातून सात सात वजा करायला लावले, सगळं बरोबर. मग विचारलं, तुमचं लग्न कोणत्या साली झालं? साडूंनी एका देशाचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. मी सोबत होतो. औषधाच्या दुकानातून गोळ्या मीच आणून दिल्या. डॉक्टरांना सांगता आलं असतं, की हे असंच बोलतात, पहिल्यापासून. मी म्हणालो, हं.

मग एक दिवस मला कार्यालयात त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. आवाज बारीक होता. म्हणाले, "साडूभाऊ, एक विचारायचं हुतं. तुमचं लग्न इटलीचंच ना? का मी आपलं उगाच म्हनत आलो?"

मी म्हणालो, इटलीचंच. त्यांनी विचारलं, नक्की? आणि मला हे कळलं की रोलर हॉकीबद्दल ज्याला काडीचं माहीत नाही अशा माणसाला ते विचारतायत, कारण माझ्यावर त्यांचा विश्वास होता. मी रजेचा अर्ज न देता कार्यालयातून उठलो.

आधी तात्याकडे गेलो. मला वाटलं, आधी गावात दुरुस्त करू, मग त्यांना तोंड दाखवू. तात्या गोठ्यात धार काढत होता. मी सगळं सांगितलं. पदक नव्हतं, तो फ्लेक्स खोटा, साडू खरं बोलले. तात्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "ते आमाला तवाच ठावं हुतं. पोरांनी मोबाईलवर बघितल्तं. पोरगी आपली हाय म्हनून गप बसलो. एवढं चालतंय." बादली जरा पुढे ओढली. "पर डोक्याचं तुमीच म्हनला ना? घरचाच मानूस म्हनतोय म्हटल्यावर आमी काय करनार." मी म्हणालो, तेही खोटं होतं. तेव्हा त्यानं वर पाहिलं. म्हणाला की आता पुढल्या साली मी उभा राहून सांगितलं तरी लोक म्हणतील, साडू साडूला झाकतोय. म्हशीनं पाय हलवला, तो पुन्हा कामाला लागला. मला चहा विचारला नाही.

तिथून पारनेरला गेलो. साडू ओसरीत खुर्चीवर बसले होते, अंगात स्वेटर. उन्हाळ्यात स्वेटर. अक्कांनी घातला असणार. मी समोर बसलो आणि सांगितलं. सुरुवातीपासून, नारळांच्या पोत्यांपर्यंत, वाक्य जसंच्या तसं. मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर 'हं' म्हणून उठलो असतो. ते ऐकत होते. एकदाही त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं नाही. मी तयारी करून गेलो होतो ती सगळी वाया गेली. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजी माझं डोकं बरं हाय?"

मी म्हणालो, हो. माझं नव्हतं.

"मग बॅनरवरचं पदक खोटंच हुतं? मी चुकलो नव्हतो?"

"नव्हता."

त्यांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. खुर्चीतून उठले, स्वेटर काढला, घडी न घालता टाकला आणि आत हाक मारली की अगं ऐकलंस का, दाजी काय म्हणतायत, माझं सगळं जागेवर आहे. मी खाली बघत होतो. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. पण त्यांना माझ्याशी कर्तव्यच नव्हतं. त्यांना हरवलेली वस्तू सापडली होती, आणि ती कुणी लपवली याची चौकशी करायला त्यांना फुरसत नव्हती.

अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हाताला पीठ होतं. त्यांनी किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. मला हळू आवाजात म्हणाल्या, "दाजी, गोळ्या त्यांना नको वाटत्यात. मी दुधातून घालती. रोज." आणि बोटांवरचं पीठ चोळून काढत राहिल्या.

साडूंना मात्र खात्री करून घ्यायची होती. म्हणाले, बसा, सुरुवातीपासून म्हणून बघतो, तुम्ही दोघं ऐका. मोबाईल नको. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडून तुकडे ऐकले होते, पहिल्यापासून कधी ऐकायला बसलो नव्हतो. कुणीच बसलं नव्हतं. अक्कांना चूल होती, मला घाई होती. ते ओसरीच्या कडेला ताठ उभे राहिले, हात मागे बांधले, समोरच्या लिंबाकडे पाहिलं.

"इंग्लंड," ते म्हणाले. "पुन्हा इंग्लंड."

आणि थांबले.

तिसऱ्याच नावाला. वारा नव्हता, रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याचा आवाज संपला तरी ते गप्पच. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते नाव माहीत असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. मला काहीच माहीत नव्हतं. त्यांचे ओठ मिटलेले होते, डोळे लिंबावरून हलत नव्हते, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, माझं काय व्हायचं ते होवो, यांना आठवू दे.

त्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं, तेव्हा त्यांना आमचे चेहरे बघून नवल वाटलं असावं.

"पुढं महायुद्ध हाय," ते समजावून सांगावं तसं म्हणाले. "त्या सालांना कुनीच खेळलं न्हाई. खेळनारी पोरंच लढाईवर गेल्ती. मी तिथं जरा थांबतो."

मग पुन्हा ताठ झाले, लिंबाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोर्तुगाल."